अपमानाविषयी लिहिताना वह्या दोन असाव्यात का?

ग्रंथपाल_गोदाकाठ

नमस्कार मंडळी. नाशिकमधील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी काम करते. गेल्या पावसाळ्यापासून रविवारी सकाळी आमच्या वाचनकक्षात काही विद्यार्थी लिहायला बसतात. त्यांत सुरगाणा, पेठ आणि कळवण भागांतून आलेली आदिवासी मुले आहेत, नाशिकरोडच्या वस्त्यांतील काही जण आहेत आणि परिचर्या अभ्यासक्रमासाठी मणिपूरहून आलेल्या काही मुलीही आहेत. मी कोणताही विषय ठरवून दिला नव्हता. तरीही रंग, चेहरेपट्टी, आडनाव किंवा बोलण्याची ढब यांवरून झालेला अपमान हाच बहुतेकांच्या लिखाणाचा विषय निघाला. असे लेखन कसे करावे आणि केल्यानंतर त्याचे काय करावे, यावर येथील जाणत्यांची मते हवी आहेत, म्हणून हा धागा काढते आहे.

आम्ही हळूहळू एका पद्धतीवर आलो आहोत. प्रत्येकाने दोन वह्या ठेवायच्या. पहिली वही कोणाला दाखवायची नाही. तिच्यात शुद्धलेखन नाही, भाषेचे बंधन नाही, शिव्या चालतात, पाने फाडून टाकली तरी चालते. दुसरी वही मात्र दुसऱ्याने वाचावी म्हणूनच लिहायची: घटना कोठे झाली, केव्हा झाली, नेमके कोणते शब्द उच्चारले गेले, ऐकणारे कोण होते, आधी कोणाला सांगितले होते, आणि आता आपली मागणी काय आहे. दोन्ही लेखनांच्या मध्ये शक्य असेल तर काही दिवस जाऊ द्यायचे.

एका विद्यार्थिनीने या धाग्यासाठी आपल्या दोन्ही वह्यांतील थोडा भाग स्वतः निवडून दिला आहे, आणि माझा मराठी अनुवाद ऐकून तो येथे देण्यास संमती दिली आहे. पहिल्या वहीत तिने आपल्या मातृभाषेत लिहिले होते:

"रांगेत सगळे हसले म्हणून मीही हसले. खोलीवर आल्यावर त्यांच्या हसण्यापेक्षा माझ्याच हसण्याचा मला जास्त राग आला. ताटात काय होते ते आठवत नाही. आईचा फोन आला तेव्हा जेवण छान होते असे सांगितले."

दुसऱ्या वहीतील मजकूर असा आहे:

"मंगळवारी रात्री आठच्या सुमारास वसतिगृहाच्या भोजनगृहात रांगेत उभी असताना माझ्यामागील विद्यार्थ्याने मला 'ए मोमो' अशी हाक मारली आणि आम्ही कोणते प्राणी खातो याविषयी मोठ्याने विचारणा केली. माझ्या दोन मैत्रिणींनी आणि वाढणाऱ्या काकांनी ते ऐकले. असाच प्रकार पूर्वी घडला असता मी तोंडी सांगितले होते, तेव्हा 'मज़ाक समझकर छोड़ दो' असे उत्तर मिळाले. या वेळी माझी तक्रार लेखी स्वरूपात नोंदवून घ्यावी आणि तिचे उत्तरही लेखी द्यावे."

दोन्ही उताऱ्यांतील मुलगी एकच आहे. माझ्या मनात मात्र काही शंका आहेत. दुसऱ्या उताऱ्यात तिचे ते हसणे कोठेच आलेले नाही, आणि मला तर तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. नीटनेटके लिहिण्याच्या नादात आपण त्या अनुभवाचा प्राणच काढून घेतो आहोत का? आणि ज्यांच्या वाट्याला असा अपमान कधी आलेला नाही, त्यांनी या विषयावर लिहावे का? आमच्या बैठकीला असे दोन-तीन विद्यार्थीही येतात आणि कोरी वही पुढ्यात घेऊन बसून राहतात.

पंचवटीकर

ताई, उपक्रम चांगला आहे, पण वयाने मोठा असल्याने थोडे स्पष्ट बोलतो. मी पंचवटीत वाढलो. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, तेव्हा मंदिराच्या चारही दरवाजांसमोर स्त्री-पुरुषांच्या तुकड्या जाऊन बसल्या होत्या. त्या वर्षीच्या रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली, माणसे रक्तबंबाळ झाली, तरीही सत्याग्रह पुढे काही वर्षे चालूच राहिला. त्या माणसांतील कितीतरी जणांना सहीसुद्धा करता येत नव्हती. त्यांचा राग वहीत उतरला नाही, तो दरवाजासमोर जाऊन बसला.

माझी भीती अशी आहे की, वहीत लिहून राग निवला की मनुष्याला बरे वाटते, आणि बरे वाटले की तक्रार करण्याचे राहून जाते. भोजनगृहातला तो मुलगा मात्र दुसऱ्या दिवशी त्याच रांगेत उभा असतो. लेखनाने मन हलके होते हे मान्य. परंतु अन्यायाच्या बाबतीत मन हलके व्हावे का, हाच माझा प्रश्न आहे.

देशवंडीकर

पंचवटीकर काकांविषयी आदर राखून एक गोष्ट पुढे ठेवतो. तो सत्याग्रह दरवाजांसमोर जितका झाला, तितकाच तो कागदावरही झाला. सत्याग्रह समितीचे चिटणीस भाऊराव गायकवाड, म्हणजे आपले दादासाहेब, हे दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे. बाबासाहेब मुंबईत असत, आणि १९३० च्या अखेरीस तर गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले होते. नाशिकला काय चालले आहे हे त्यांना पत्रांतून समजत होते आणि पुढची दिशाही पत्रांतूनच येत होती. दादासाहेबांनी ही पत्रे जपून ठेवली, म्हणून आज ती आपल्याला वाचता येतात.

त्यांतील मार्च १९३४ चे पत्र या धाग्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. मंदिरप्रवेशाची चळवळ मूर्तिपूजेच्या ओढीने सुरू केली नव्हती, तर आपल्या समाजाला चेतवण्याचा आणि स्वतःच्या स्थितीची जाणीव करून देण्याचा तो मार्ग वाटला म्हणून सुरू केली होती, आता ते काम झाले असून शक्ती राजकारणाकडे आणि शिक्षणाकडे वळवावी, असा त्या पत्राचा आशय आहे. पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, आपल्याच जिल्ह्यातील येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. येवल्यात ज्या निर्णयाचा उच्चार झाला, त्यामागील विचार अशा पत्रांतून आधीच वाट काढत होता. राग निवला असे या पत्रांतून कोठेही जाणवत नाही. उलट तो कोणत्या दिशेने न्यायचा, हे ठरत गेलेले दिसते.

अवांतर वाटेल, पण सांगतो. सिन्नर तालुक्यातील देशवंडी हे वामनदादा कर्डकांचे गाव. त्यांना अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईला गेल्यावर, आणि तरीही महाराष्ट्रभर माणसे त्यांची गाणी गात राहिली. ताईंच्या बैठकीत कोणाला वहीऐवजी गाणे सुचत असेल, तर त्याला अडवू नये. गाणे एकाच वेळी पहिल्या वहीचेही असते आणि दुसऱ्या वहीचेही.

समुपदेशक_नाशिकरोड

पंचवटीकरांनी उपस्थित केलेला मुद्दा मानसशास्त्रातही बराच चर्चिला गेला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकी संशोधकांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, लिहायला बसवले. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिले, काहींनी आयुष्यातील क्लेशदायक प्रसंगाची फक्त हकीकत लिहिली, काहींनी फक्त भावना लिहिल्या, आणि काहींनी हकीकत व भावना दोन्ही लिहिल्या. या शेवटच्या गटातील विद्यार्थ्यांना पुढील सहा महिन्यांत आरोग्य केंद्रात जाण्याची गरज इतरांपेक्षा कमी पडली. त्यानंतर या विषयावर अनेक ठिकाणी प्रयोग झाले. ते सर्व एकत्र पाहिले असता फायदा दिसतो, पण तो लहान असतो, आणि प्रत्येकाला होतोच असे नाही. वही म्हणजे औषधाची बाटली अशी समजूत कोणीही करून घेऊ नये.

या संशोधनातील दोन गोष्टी ताईंच्या उपयोगाच्या आहेत. पहिली म्हणजे, लिहून झाल्यावर लगेच मनुष्याला बरे वाटत नाही, उलट त्या घटकेला तो अधिक अस्वस्थ असतो. त्यामुळे काकांची भीती मला तितकीशी लागू वाटत नाही. परंतु लेखन आटोपताच मुलांना एकटे वसतिगृहावर पाठवू नये, चहा घ्यावा, थोड्या इतर गप्पा माराव्यात, असे मी आवर्जून सुचवीन. दुसरी म्हणजे, ज्यांना फायदा झाला त्यांच्या लिखाणात दिवसागणिक 'कारण', 'त्यामुळे', 'माझ्या लक्षात आले' अशा प्रकारचे शब्द वाढत गेले होते. रोज तेच दुःख त्याच शब्दांत उगाळणाऱ्यांना तितका लाभ झाला नाही. म्हणजे पहिल्या वहीतसुद्धा काही दिवसांनी विचार शिरू लागतो. तो ओढून आणू नये, पण येऊ लागला तर त्याला जागा असावी.

एक सावधगिरी सांगते. घटना अगदी ताजी असेल, झोप उडाली असेल, किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा पहिल्या वहीत येऊ लागली असेल, तर लिखाण बाजूला ठेवून त्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष माणसाकडे न्यावे. वही कोणी वाचणार नसल्यामुळे हे आपल्याला कळणार नाही, हा या पद्धतीतील खरा धोका आहे. 'तुमचे लिखाण दाखवू नका, पण तुम्ही कसे आहात ते मला सांगा,' असे दर बैठकीत एकदा तरी विचारले जावे.

आणखी एक गोष्ट माझ्या क्षेत्रातील लोकांनाच उद्देशून लिहिते. वंशभेदाने किंवा जातिभेदाने दुखावलेल्या मनुष्याला आपण श्वासाचे व्यायाम आणि वही देऊन परत पाठवतो, तेव्हा दोष त्याच्या मनात आहे असे आपण नकळत सांगत असतो. त्या मुलीच्या मनाला काहीही झालेले नाही. जे झाले आहे ते भोजनगृहात झाले आहे.

सुरगाण्याचा_पोरगा

मी ताईंच्या बैठकीला येतो, म्हणून आतली बाजू लिहितो. मराठीत काही चुकले तर सांभाळून घ्यावे, आमच्या घरी कोकणी, म्हणजे कोकणा आदिवासींची बोली, बोलतात.

दर वर्षी ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, आम्हाला मंचावर बोलावतात. आधी नाचायला सांगतात आणि मग 'तुमच्या व्यथा मांडा' असे सांगतात. व्यथा मांडल्यावर टाळ्या होतात, पाहुणे डोळे पुसतात, छायाचित्रे निघतात, आणि वसतिगृहात पाण्याची टाकी वेळेवर धुतली जावी हा आमचा साधा अर्ज मात्र तसाच पडून राहतो. एवढी वर्षे शिकून मला एक गोष्ट समजली आहे. आमचे दुःख ऐकायला लोकांना आवडते, आमची मागणी ऐकायला आवडत नाही. म्हणून त्या मुलीच्या दुसऱ्या वहीत तिचे हसणे आले नाही, हे मला बरोबर वाटते. ते हसणे तिने अधिकाऱ्यांना का द्यावे? त्यांना तारीख द्यावी, साक्षीदार द्यावेत आणि उत्तर मागावे. हसणे तिचे स्वतःचे आहे.

मला अडचण वेगळीच वाटते. पहिल्या वहीत मी कोकणीत लिहितो तेव्हा भरभर लिहितो. दुसरी वही हातात घेतली की अधीक्षकांना समजेल आणि ते हसणार नाहीत अशी मराठी शोधत बसतो. माझ्या रंगावरून जे नाव पाडले आहे, त्याविषयी तक्रार लिहायला मला वेळ लागला तो धीर नव्हता म्हणून नव्हे. अर्जात ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर त्यावरूनही दुसरे नाव पडेल, असे वाटत होते. अन्यायाविरुद्ध लिहिण्याआधी शुद्धलेखनाची परीक्षा द्यावी लागणे, हा त्याच अन्यायाचा एक भाग आहे. बैठकीतील ज्या विद्यार्थ्यांची वही कोरी असते, त्यांनी आमची व्यथा लिहू नये. हवे तर आम्ही सांगू तो अर्ज नीट टंकलिखित करून द्यावा, आणि आमचे शब्द बदलू नयेत.

नाशिककर_शिकागोत

मी मूळचा भद्रकालीचा, बरीच वर्षे शिकागोत आहे. या शहरात इडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकार स्त्रीचे नाव एका मोठ्या रस्त्याला दिलेले आहे. ताईंच्या प्रश्नाला त्यांच्या आयुष्यातून काही उत्तर मिळते असे मला वाटते.

१८९२ मध्ये मेम्फिस शहरात तीन कृष्णवर्णीय पुरुषांना जमावाने तुरुंगातून बाहेर ओढून ठार मारले. त्यांचे किराणा दुकान चांगले चालत होते आणि ते जवळच्या गोऱ्या दुकानदाराच्या डोळ्यांत सलत होते. त्या तिघांपैकी टॉमस मॉस हे वेल्स यांचे जवळचे मित्र. त्या तेव्हा मेम्फिसमध्ये एक वृत्तपत्र चालवत होत्या. त्यांनी शोक केला, संतापाने अग्रलेख लिहिले, कृष्णवर्णीयांनी हे शहर सोडून जावे असेही लिहिले, आणि अनेक जण खरोखर सोडून गेले. जमावाने त्यांच्या वृत्तपत्राचे कार्यालय उद्ध्वस्त केले. त्यानंतर त्यांनी जे केले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. अशा हत्यांची नोंद त्या गोळा करू लागल्या आणि १८९५ मध्ये त्यांनी जी पुस्तिका प्रसिद्ध केली, तिच्यातील आकडे गोऱ्यांच्याच वृत्तपत्रांतून, मुख्यतः शिकागो ट्रिब्यूनमधून, घेतले. ज्यांच्यावर आरोप आहे त्यांच्याच साक्षीने आरोप सिद्ध करायचा, म्हणजे अतिशयोक्ती केली असे म्हणायला कोणाला जागाच उरत नाही.

म्हणून दोन वह्यांमध्ये भिंत आहे असे मला वाटत नाही. मित्राच्या मृत्यूचे दुःख नसते तर ते आकडे गोळा करण्याची चिकाटी आली नसती. दुःख त्या पुस्तिकेच्या ओळींत दिसत नाही, पण मेहनतीत दिसते. मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगात लिहिलेले पत्रही असेच आहे. आठ गोऱ्या धर्मगुरूंनी वृत्तपत्रात निवेदन काढले होते. त्याला उत्तर द्यायला किंग यांनी त्याच वृत्तपत्राच्या समासात सुरुवात केली, नंतर हाती येतील त्या चिटोऱ्यांवर आणि शेवटी वकिलांनी आणून दिलेल्या कागदांवर. तुम्ही बाहेरचे आहात, ही वेळ योग्य नाही, तुम्ही कायदा मोडता, हे आक्षेप त्यांनी एकेक करून घेतले. मध्येच एक फार लांब वाक्य येते. त्यात लहान मुलीला करमणुकीच्या बागेत का जाता येत नाही हे समजावताना वडिलांची जीभ अडखळते. ते वाक्य पहिल्या वहीचे आहे. सगळा युक्तिवाद दुसऱ्या वहीचा, आणि नेमक्या जागी पहिल्या वहीतले एकच वाक्य. त्या मुलीने ते हसणे अर्जात घालू नये हे सुरगाण्याच्या भावाचे म्हणणे मला पटते. पण पुढे कधी तिने लेख लिहिला, तर त्यात ते यावे असे वाटते.

देशवंडीकर

शिकागोकर, तिकडच्या आणि आपल्या लढ्यांमधील नात्याची ओळख आपल्याकडे जुनी आहे, ती येथे नोंदवून ठेवतो. महात्मा फुल्यांनी १८७३ मधील 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केली. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या, आणि त्यांना उत्तरही आले होते. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा नावही तिकडच्याच ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतले गेले.

आणि कागदावर पहिल्यांदा हे सगळे मांडणारी व्यक्ती ताईंच्या विद्यार्थ्यांपेक्षाही लहान होती. मुक्ता साळवे फुले दांपत्याच्या शाळेत शिकत होती आणि चौदा वर्षांच्या आसपासची होती, तेव्हा १८५५ मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. इमारतींच्या पायात आपल्या लोकांना तेल-शेंदूर पाजून पुरत असत, हे ती लिहिते. आपल्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसते, थंडी-पावसाने त्यांचे काय हाल होत असतील, हेही ती लिहिते. त्यात हकीकत आहे, राग आहे, आणि धर्माला विचारलेला थेट प्रश्नही आहे. तिला कोणी दोन वह्या दिल्या नव्हत्या. पण तिला निबंध वाचून दाखवायला एक वर्ग होता, आणि ऐकणारे शिक्षक होते. ताईंचा वाचनकक्ष हे काम करत असेल तर वह्या एक की दोन, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो.

इंदिरानगरवासी

आतापर्यंत केवळ वाचत होतो. मी सवर्ण आहे, त्यामुळे ताईंनी शेवटी विचारलेला प्रश्न मला लागू होतो. माझ्यासारख्याने काय लिहावे हे मला कळत नाही. कोणाच्या दुःखावर कविता करणे मला स्वतःलाच खोटे वाटते.

उदाहरण देतो. मी आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीवर आहे. एका सदनिकाधारकांनी तरुण जोडप्याला घर भाड्याने देण्याचे ठरवले. ते दोघे भेटायला आले, कागदपत्रे दाखवली, सर्वांनी हसून चहा दिला. ते जिना उतरल्यावर चर्चा सुरू झाली. आडनावावरून कळत नाही, मूळ गाव विचारायला हवे होते. मुलगी सावळी आहे, स्वयंपाकघरात काय शिजेल सांगता येत नाही. आपल्याकडे लहान मुले आहेत. ही वाक्ये मी माझ्या कानांनी ऐकली. मी विरोध केला आणि तो इतिवृत्तात नोंदवण्यास सांगितले. इतिवृत्तात प्रत्यक्षात 'कागदपत्रे अपुरी असल्याने संमती दिली नाही' एवढेच लिहिले गेले. कागदपत्रे पूर्ण होती.

आता यात माझ्या भावना लिहिण्यात काय अर्थ आहे?

सुरगाण्याचा_पोरगा

दादा, हेच लिहा. त्या जोडप्याला फक्त नकार समजला. जिना उतरल्यावर काय बोलले गेले हे त्यांना कधीच कळणार नाही. मला खोली मिळाली नाही तेव्हा मलाही 'आधीच दुसऱ्याला दिली' असे सांगण्यात आले होते, आणि ते खरे होते की खोटे हे मी आजही सांगू शकत नाही. आम्ही कितीही चांगले लिहिले तरी दार बंद झाल्यानंतरचे आम्हाला लिहिता येत नाही. ते तुमच्याकडेच आहे.

समुपदेशक_नाशिकरोड

याला पूर्ण अनुमोदन. नकाराचे कारण न कळणे याचा त्रास उघड शिवीपेक्षा कधी कधी अधिक होतो, कारण मनुष्य स्वतःवरच संशय घेत राहतो. 'मलाच जास्त वाटते आहे का' हे वाक्य मी माझ्या खोलीत इतक्या वेळा ऐकते की काय सांगू. आतल्या माणसाने दिलेली साक्ष हा संशय दूर करू शकते. इंदिरानगरच्या सदस्यांनी आपल्याला किती वाईट वाटले हे लिहिण्याची गरज नाही. कोण काय म्हणाले ते लिहावे.

वकील_सीबीएस

कायद्याच्या बाजूने काही मुद्दे मांडते. हा सल्ला सर्वसाधारण आहे; प्रत्यक्ष प्रकरणात कागदपत्रे पाहूनच बोलता येईल.

ताईंच्या विद्यार्थिनीचा दुसरा उतारा तक्रारीच्या दृष्टीने चांगला आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ खाली अपमानाचा गुन्हा ठरण्यासाठी घटना लोकांच्या नजरेसमोर घडलेली असणे आवश्यक असते, म्हणून भोजनगृह, रांग आणि ऐकणाऱ्यांचा उल्लेख महत्त्वाचा आहे. शब्द जसेच्या तसे लिहावेत, 'अपशब्द वापरले' असे मोघम लिहू नये. शिवी लिहायला संकोच वाटतो हे मी समजू शकते, पण तपास तिथेच अडतो. विद्यार्थिनी अनुसूचित जमातीची आहे का हे मात्र आधी विचारावे, कारण मणिपूरमधील सर्व समाज त्या यादीत नाहीत, मैतेई समाज नाही. ती यादीत असेल तर 'तुमचे प्रमाणपत्र दुसऱ्या राज्याचे आहे' असे सांगून तिला परत पाठवता येणार नाही. या कायद्याचे संरक्षण मूळ राज्यापुरते मर्यादित नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. ती यादीत नसेल तरी महाविद्यालयाकडे लेखी तक्रार करता येतेच. ईशान्येकडील नागरिकांवरील अशा टोमण्यांसाठी स्वतंत्र कलमे असावीत, अशी शिफारस बेझबरुआ समितीने २०१४ मध्ये केली होती. अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याचा दिल्लीत मारहाणीनंतर मृत्यू झाला, त्यानंतर ती समिती नेमली गेली होती.

समाजमाध्यमांवर लिहिताना नावे घेण्याची घाई करू नये. तक्रार योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावनेने करणे आणि तीच गोष्ट नावानिशी सर्वत्र पसरवणे, या दोहोंकडे बदनामीच्या कायद्याच्या दृष्टीने सारखे पाहिले जात नाही. आधी अर्जाची पोच घ्यावी, तिची प्रत जपावी, आणि मग काय लिहायचे ते ठरवावे.

पंचवटीकर

चर्चा वाचून समाधान वाटले. माझा मूळ आक्षेप पूर्णपणे गेलेला नाही. पोच मिळाली, प्रत जपली, आणि उत्तर आलेच नाही, तर पुढे काय? तेव्हा कोणीतरी त्या कार्यालयासमोर जाऊन बसावे लागेल. ताईंच्या विद्यार्थ्यांनी ठरवले तर मी येऊन बसेन, गुडघे साथ देतील तितका वेळ. मात्र जाताना त्या अर्जाची प्रत हाती असावी, हे आता मान्य करतो.

ग्रंथपाल_गोदाकाठ

सर्वांचे आभार. काका, तुमचे आमंत्रण मी विद्यार्थ्यांना कळवले आहे आणि त्यांनी ते चेष्टेवारी नेलेले नाही.

काही बदल आम्ही लगेच करतो आहोत. लेखनानंतर अर्धा तास चहा आणि गप्पांसाठी राखून ठेवला जाईल. पहिल्या वहीची भाषा कोणतीही असो, दुसऱ्या वहीचा मसुदाही प्रथम स्वतःच्या भाषेत करायचा आणि नंतर दोघांनी मिळून मराठीत आणायचा, मूळ प्रत मागे जोडायची. कोऱ्या वह्यांच्या विद्यार्थ्यांना मी सुरगाण्याच्या मुलाचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांपैकी एकाने आपल्या घरी बहिणीच्या लग्नासाठी स्थळे पाहताना सावळ्या मुलांची छायाचित्रे कशी बाजूला काढली जातात, आणि ती बाजूला काढताना आजी काय म्हणते, हे लिहायला घेतले आहे. आजीला दाखवशील का, असे मी विचारले नाही.

वह्यांच्या संख्येविषयी मात्र मी माझ्या मतावर कायम आहे. मुक्ता साळवेंना एकच निबंध पुरला हे खरे, पण तिचा निबंध कोणी पुरावा म्हणून मागितला नव्हता. आज आमच्या मुलांकडे प्रत्येक जण आधी त्यांचे दुःख मागतो आणि मग ते पुरेसे आहे की नाही हे ठरवतो. जोपर्यंत हे चालू आहे, तोपर्यंत एक वही कुलपात असलेली बरी. तिच्यातले कोणते वाक्य बाहेर यावे आणि केव्हा यावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

इंदिरानगरवासी

मी त्या बैठकीचा वृत्तांत लिहून काढला आहे, कोण कोठे बसले होते इथपर्यंत. भावना त्यात नाहीत. वकीलताईंना विचारायचे आहे की, माझा विरोध इतिवृत्तात आलेला नाही, त्याचे आता काय करता येईल?

वकील_सीबीएस

पुढील बैठकीत मागील इतिवृत्त कायम करण्याचा विषय येईल, तेव्हा तुमची हरकत लेखी द्या आणि ती त्या बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवण्यास सांगा. त्याआधीच सचिवांना पत्र देऊन पोच घ्या. पोच देण्यास नकार मिळाल्यास स्पीड पोस्टने पाठवा. सभासद या नात्याने तुम्हाला इतिवृत्ताची नोंदवही पाहण्याचा अधिकार आहे, तो वापरा आणि प्रमाणित प्रत मागा. त्या जोडप्याला तुमचा वृत्तांत द्यायचा की नाही, हे त्यांना विचारूनच ठरवा. त्यांनी आता दुसरीकडे घर घेतले असेल आणि हा विषय त्यांना पुन्हा नको असेल.